आपोआप सुधारलेल्या बिघाडाची नोंद

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय रेल्वे सिग्नल अभियांत्रिकी व दूरसंचार संस्था, सिकंदराबाद.

विषय : येणाऱ्या-जाणाऱ्या सिग्नल बिघाडांच्या नोंदी शिकणाऱ्यांसाठी खुल्या करण्याबाबत.

महोदय,



हे पत्र वाशीमहून लिहितो आहे. अकोला ते पूर्णा हा आमचा मार्ग २००८ मध्ये मीटर गेजचा ब्रॉड गेज झाला. तो दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो, म्हणजे आमच्या गाड्यांचे मुख्यालय सिकंदराबाद. त्या गाड्यांना वाट देणारे सिग्नल कसे बसवायचे आणि कसे राखायचे हे १९५७ पासून शिकवणारी आपली संस्थाही सिकंदराबादेतच आहे. मी रेल्वेत नोकरीला नाही. संगणक शिकवतो, आणि अकरावी-बारावीच्या काही मुलामुलींना सोबत घेऊन स्टेशन मास्तरचा एक खेळ तयार करतो आहे. एकेरी मार्ग, चार स्टेशने, प्रत्येक ठिकाणी एक मेन लाइन आणि एक-दोन लूप. अकोल्याकडून भरलेली मालगाडी निघाली आहे, पूर्णेकडून एक्सप्रेस येते आहे. त्यांचे क्रॉसिंग कुठे घ्यायचे, कुणाला लूपवर उभे करायचे, पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, कधी मागायचा, हे सगळे खेळणाऱ्याने ठरवायचे. नकाशा आमचा आम्ही रचलेला आहे, पण जऊळका, वाशीम, कनेरगाव नाका या टापूत गाड्या बघत वाढलेल्या मुलांनी तो काढला असल्याने त्यातल्या क्रॉसिंगला थांबलेल्या गाड्यांचा वैताग अगदी खरा उतरला आहे.

खेळ चालतो. अडले आहे ते एकाच ठिकाणी, आणि तिथे आपल्याशिवाय दुसरे कुणी मदत करू शकेल असे मला वाटत नाही. येतो आणि जातो असा बिघाड खेळात खरा कसा दाखवायचा?

बहुतेक खेळांत बिघाड कसा होतो, तर संगणक आतल्या आत फासे टाकतो. ठरलेला आकडा पडला की एखादा ट्रॅक लाल होतो, दुरुस्तीवाला निघतो, थोड्या वेळाने सारे पूर्ववत. ब्रिटनमध्ये जॉफ मेयो यांनी सुरू केलेला सिमसिग हा सिग्नलचा खेळ याबाबतीत पुष्कळ पुढे आहे. तिथली खरी सिग्नल केंद्रे त्यात चालवायला मिळतात, लालपाशी अडकलेला ड्रायव्हर फोन करतो, ट्रॅक, पॉइंट आणि सिग्नल फेल जाऊ शकतात आणि मग नियमाप्रमाणे गाडी पुढे काढावी लागते. तो खेळणाऱ्यांकडून आम्ही खूप शिकलो. तरीही फेल गेलेले उपकरण चालवणे वेगळे आणि फेल गेले की नाही हेच कळत नसलेले उपकरण चालवणे वेगळे. पहिल्याला पुस्तकात नियम आहे. दुसऱ्यात माणसाला आधी स्वतःच्या डोळ्यांशी वाद घालावा लागतो.

आपल्याला हे सांगायची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून ट्रॅक सर्किटचे उदाहरण घेतो. रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेशन घालून वेगळा केलेला असतो. एका टोकाला बॅटरीचा हलका प्रवाह रुळात सोडतात, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे प्रवाहाने चालणारा स्विच, असतो. तुकडा मोकळा असेल तर प्रवाह रिलेपर्यंत पोचतो आणि रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाके आणि धुरा मिळून दोन्ही रूळ जोडले जातात, प्रवाह मधूनच परततो, रिले पडतो आणि स्टेशन मास्तरसमोरच्या पॅनलवर तो तुकडा लाल दिसतो. वायर तुटली, बॅटरी उतरली, तरीही रिले पडतो, तरीही लाल. रचनाच अशी की शंका आली की लाल.

आता यात पाऊस घाला. दोन रुळांच्या मध्ये खडी आहे, स्लीपर आहेत, आणि त्यांतूनही थोडा प्रवाह गळतच असतो. ही गळती फार होऊ नये म्हणून स्टेशन हद्दीत दर किलोमीटरला किमान २ ओहम आणि दोन स्टेशनांमधल्या ब्लॉक सेक्शनमध्ये ४ ओहम रोध राहिला पाहिजे असा दंडक आहे. कोरड्या खडीत तो आरामात राहतो. आमच्याकडची जमीन काळी. जुलैत ती फुगते, निचरा नीट नसेल तिथे खडीत चिखल चढतो, रोध उतरत जातो. रिलेला मिळणारा दाब जेमतेम पुरेल इतकाच उरतो. अशा वेळी रिले धड उचललेला नाही, धड पडलेला नाही. शेजारच्या लाइनवरून भरलेली मालगाडी गेली, जमीन हादरली, आणि क्षणभर पॅनलवर लाल चमकून गेला. तासाभराने ऊन पडले, खडी वरून सुकली. सिग्नल मेन्टेनर दुचाकीवरून चिखल तुडवत येतो, रुळाशेजारचा लोकेशन बॉक्स उघडतो, मीटर लावतो, तर सगळे ठीक. एकाआड एक दिवस चढणाऱ्या हिवतापाचा रोगी नेमका बरा असतानाच दवाखान्यात पोचावा, तसे हे होते.

हा बिघाड फाशांवर ठरत नाही. त्याला कारण आहे, वेळ आहे, हवामान आहे, गाडीचे वजन आहे. मे महिन्यातला बिघाड आणखी वेगळा. उन्हाने रूळ लांबतात, दोन तुकडे वेगळे ठेवणाऱ्या ग्लूड जॉइंटवर ताण येतो, ब्रेकमधून झडलेला लोखंडाचा चुरा जॉइंटच्या फटीत साचून इन्सुलेशनला बगल देतो. गाडीला एका लाइनवरून दुसरीवर नेणाऱ्या पॉइंटचे तिसरेच. त्याची हलणारी जीभ आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये ५ मिलिमीटरचा तुकडा ठेवला तर पॉइंट लॉक होता कामा नये, अशी चाचणी असते. म्हणजे काही मिलिमीटरचा फरकच पॉइंट लागला की नाही हे ठरवतो. खडीचा एक बारका खडा, कमी पडलेले ग्रीस किंवा थोडा सैल झालेला रॉड असला की तोच पॉइंट सकाळी लागतो, दुपारी बटण दाबल्यावर पॅनलवर नुसता लुकलुकत राहतो आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर निमूट लागतो. दुसऱ्यांदा लागला म्हणून स्टेशन मास्तर पुढच्या कामाला लागतो. समोर एक्सप्रेस उभी असते, कंट्रोलचा फोन वाजत असतो, त्याने दुसरे काय करावे?

खेळ रचणाऱ्याला इथेच खरी मौज आहे आणि खरी जबाबदारीही.

१९६० साली बेल प्रयोगशाळेतल्या ई. एन. गिल्बर्ट यांनी दूरसंचार वाहिनीवरच्या चुकांसाठी एक साधे गणित मांडले होते. वाहिनीच्या दोन अवस्था धरायच्या, एक बरी आणि एक वाईट. बऱ्या अवस्थेत चुका होत नाहीत, वाईट अवस्थेत घोळक्याने होतात, आणि वाहिनी एका अवस्थेतून दुसरीत अधूनमधून जाते. आम्ही हेच गणित ट्रॅक सर्किटला लावले. प्रत्येक उपकरणाला एक लपलेली प्रकृती दिली. ती पाऊस, तापमान, वरून गेलेल्या गाड्या आणि शेवटच्या देखभालीला झालेले दिवस यांवर हळूहळू ढासळते. प्रकृती वाईट झाली की बिघाड झुंडीने येतात, मग बराच काळ शांतता. मेन्टेनरने टर्मिनल नुसते हलवले तर तात्पुरते सुधारते, पण मूळ दुखणे तसेच राहते. आणि खेळणाऱ्याला ही प्रकृती कधीही दाखवायची नाही. त्याला दिसणार फक्त पॅनल, रजिस्टर आणि फोन.

एकच कारण अनेक ठिकाणी डोके वर काढते, हेही खेळात आणावे लागले. लोकेशन बॉक्समधला एक सैल टर्मिनल असेल तर कधी पॉइंटचे डिटेक्शन जाते, कधी त्याच पॉइंटवरून जाणाऱ्या रूटचा सिग्नल मिळत नाही. दोन तक्रारी, दोन वेगळ्या नोंदी, मूळ एक. रूट लागून सिग्नल हिरवा झालेला असताना ट्रॅक रिले अर्ध्या सेकंदासाठी पडला तर सिग्नल ड्रायव्हरच्या तोंडावर लाल होतो. तो आपत्कालीन ब्रेक लावतो, तरी गाडी सिग्नलच्या पुढे जाऊन थांबते. तोवर पॅनलवर तो ट्रॅक पुन्हा मोकळा. ड्रायव्हर म्हणतो हिरवा होता, स्टेशन मास्तर म्हणतो मी हात लावला नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात. रूट अडकून राहिला तर तो आपत्कालीन पद्धतीने रद्द करायचा, काउंटरचा आकडा लिहायचा आणि १२० सेकंद वाट बघायची. ही १२० सेकंदे आम्ही खेळात जशीच्या तशी ठेवली आहेत. मुलांनी ती कमी करा म्हणून खूप गळ घातली, पण समोरची गाडी अजून धावते आहे की थांबली, हे समजायला ती दोन मिनिटे लागतात. ती सेकंदे कमी करणे म्हणजे त्यांचे कारणच पुसून टाकणे.

एक गोष्ट पाहिली ती सांगतो. खेळाच्या चाचणीत आम्ही एका लूप लाइनच्या टोकाशी असा बिघाड पेरला होता. खेळणाऱ्यांना काही सांगितले नव्हते. बहुतेक मुलांनी लाल चमकला, गेला, तर सोडून दिले. दोघांनी मेन्टेनरला बोलावले. तो आला, ‘आल्यावर ठीक आढळले’ असे लिहून गेला, मग त्यांनीही बोलावणे बंद केले. अकरावीतल्या एका मुलीने मात्र वहीत रकाने आखले. वेळ, कोणती गाडी, भरलेली की रिकामी, कोणत्या लाइनवरून, पाऊस होता का. पान भरत आले तेव्हा तिने बोट ठेवून दाखवले, की लाल चमकतो तो फक्त भरलेली मालगाडी अकोल्याच्या दिशेने सुटल्यानंतर, आणि तेही पावसाच्या तासांत. रिकाम्या डब्यांच्या गाडीनंतर एकदाही नाही. तिने खेळातल्या मेन्टेनरला निरोप दिला, की बॅटरीकडे जाऊ नका, लूपच्या अकोला टोकाचा जॉइंट बघा. आमच्या खेळातला मेन्टेनर सांगितले तिथेच बघतो, आणि त्याला तो जॉइंट सापडला.

त्या मुलीला ओहम म्हणजे काय हे अजून नीट ठाऊक नाही. पण बिघाड शोधायची खरी पद्धत तिला सापडली होती, आणि ती तिला कुणी सांगितली नव्हती. बिघाड कारणासकट रचला होता म्हणूनच हे शक्य झाले. फाशांवर ठरलेल्या बिघाडाच्या कितीही नोंदी ठेवा, त्यातून काही हाती लागत नाही, आणि वही बंद करून ठेवणाराच शहाणा ठरतो. असा खेळ मुलांना नेमकी उलटी सवय लावतो. तो शिकवतो, की आले तसे गेले, लिहून काय करायचे.

त्या सवयीची किंमत रेल्वेने मोजलेली आहे. लंडनजवळ क्लॅपहॅम जंक्शनला १२ डिसेंबर १९८८ रोजी ३५ माणसे गेली. रिले रूममधल्या कामात एक जुनी वायर कापून, टोक झाकून बाजूला काढायची राहिली होती. ती आधी वाकवून ठेवली होती, पुढे शेजारच्या रिलेचे काम करताना हलली, पुन्हा जुन्या टर्मिनलला टेकली आणि सिग्नलला चुकीचा प्रवाह मिळू लागला. त्या सकाळी एका ड्रायव्हरला अगदी जवळ आल्यावर सिग्नल अचानक बदलताना दिसला. त्याने नियमाप्रमाणे पुढच्या सिग्नलपाशी गाडी थांबवली, उतरून सिग्नल केंद्राला फोन केला. त्याला सांगितले गेले, की सिग्नलमध्ये काही बिघाड नाही. मागून आलेली गाडी त्याच्या उभ्या गाडीवर आदळली. पाहणाऱ्याने पाहिले होते, तो थांबलाही होता. पण पॅनलसमोर बसलेल्याला दिसत होते ते वेगळे.

वॉशिंग्टनच्या मेट्रोत २२ जून २००९ रोजी ९ जण गेले. तिथे काही दिवस आधीच एका ट्रॅक सर्किटचा भाग बदलला होता, आणि तेव्हापासून ते सर्किट वरून जाणाऱ्या गाड्या ‘हरवत’ होते. गाडी असे, आणि यंत्रणेला रूळ मोकळा दिसे. नियंत्रण कक्षात इशारे उमटत होते, पण अशा इशाऱ्यांची संख्या आठवड्याला हजारोंत होती, आणि त्यांकडे पाहणे लोकांनी सोडले होते. चार वर्षे आधी, २००५ मध्ये, रॉसलिनजवळ अशाच दोषामुळे गाड्या थोडक्यात वाचल्या होत्या. त्यानंतर तो दोष पकडणारी खास चाचणीही तयार झाली होती. २००९ पर्यंत देखभाल करणारे ती वापरत नव्हते.

आपल्या देशातले उदाहरण अजून ताजे आहे. २ जून २०२३ ला ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनात २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालाने सिग्नल सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या बदलातल्या आणि फाटकाच्या कामातल्या चुका दाखवल्या. मेन आणि लूप यांना जोडणारा पॉइंट पॅनलवर एका बाजूला दिसत होता आणि प्रत्यक्षात दुसऱ्या बाजूला लागलेला होता. त्याच अहवालात आणखी एक निरीक्षण आहे, जे मी पुन्हा पुन्हा वाचतो. त्या पॉइंटचे वारंवार होणारे विचित्र वागणे सिग्नल विभागाला कळवले गेले असते, तर वेळीच उपाय करता आला असता. बांकडा नयाबाज स्टेशनात १६ मे २०२२ ला तशीच चूक घडली होती, तिच्यापासून धडा घेतला गेला नाही, हेही त्यात आहे. मी इथे कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, ते काम चौकशीचे आणि न्यायालयाचे. मला दिसते ते एवढेच, की यंत्र बोलत होते, आणि ते लिहून ठेवायची सवय नव्हती.

म्हणून आमच्या खेळात गाडी वेळेवर काढल्याचे गुण आहेत, तसे नोंदीचेही आहेत. बिघाड आपोआप गेला तरी रजिस्टरमध्ये लिहिला, तर गुण. डिस्कनेक्शन मेमो, म्हणजे उपकरण बंद करण्याची लेखी नोटीस (टी-३५१), घेतल्याशिवाय मेन्टेनरला पॉइंट उघडू दिला, तर खेळ तिथेच थांबतो. बिघडलेल्या सिग्नलवरून गाडी घ्यायची तर पॉइंटवर माणूस पाठवायचा, क्लॅम्प आणि पॅडलॉक लावायचा, रूळ मोकळा असल्याचे डोळ्यांनी पाहायचे, टी-३६९ (३ब) हा लेखी परवाना लिहून द्यायचा, आणि पॉइंटवरून ताशी १५ किलोमीटरने गाडी जाताना पाहायची. मुलांना हे आधी कंटाळवाणे वाटेल अशी भीती होती. झाले उलटेच. क्लॅम्प लावायला पावसात निघालेला पॉइंट्समन नकाशावर एका ठिपक्यासारखा सरकतो तेव्हा सगळी मुले गप्प बसून त्याच्याकडे बघत असतात.

धोक्याच्या बाजूचा बिघाड, म्हणजे गाडी असून रूळ मोकळा दिसणे, हा आम्ही खेळात फारच क्वचित ठेवला आहे. न वापरलेल्या लूपवर गंज चढलेला असतो, त्यावर हलके वाहन गेले तर चाकांचा रुळाशी धड संपर्क होत नाही, अशा जागी तो येऊ शकतो. तो खेळात नसणे खोटे ठरेल आणि सारखा असणे त्याहून खोटे. किती क्वचित, हे मात्र आम्हाला अंदाजाने ठरवावे लागले.

इथे मी मागणीवर येतो. आमचे सगळे आकडे अंदाजाचे आहेत. खडीचा रोध पावसात किती वेगाने उतरतो आणि उघडीप झाल्यावर किती वेळात चढतो? अस्थिर झालेला ट्रॅक रिले एकदा पडला की किती मिलिसेकंदांनी उचलतो, आणि एका झुंडीत किती वेळा पडतो? सैल टर्मिनल पहिल्या चमकीपासून कायमचे फेल जाईपर्यंत दिवस घेते की महिने? पॉइंट मोटरचा प्रवाह बिघाडाच्या आधी काही दिवस कसा वाढत जातो? पुस्तकांत दंडक मिळतात, नमुने मिळत नाहीत. आपल्या संस्थेच्या अभ्यास-टिपा आज कुणालाही वाचता येतात. त्याबद्दल मनापासून आभार, आमच्या खेळातले निम्मे ज्ञान तिथूनच आले आहे. पण टिपांमध्ये उपकरण कसे असावे हे असते. उपकरण आजारी पडताना कसे दिसते, हे असते डेटा लॉगरमध्ये.

आणि डेटा लॉगर देशभर स्टेशनांवर बसलेले आहेत. कोणता रिले कधी उचलला, कधी पडला, कोणते बटण कधी दाबले गेले, हे ते वेळेच्या शिक्क्यासह रात्रंदिवस लिहीत असतात. ज्या ड्रायव्हरचा आणि स्टेशन मास्तरचा वाद मी वर सांगितला, तो शेवटी याच नोंदीवर सुटतो. या नोंदींमध्ये येऊन गेलेल्या बिघाडांचे केवढे मोठे भांडार पडून असेल! त्यातले मोजके, कारण निश्चित सापडलेले बिघाड निवडा. स्टेशनाचे नाव काढा, तारीख काढून फक्त महिना आणि तास ठेवा, कर्मचाऱ्यांचा कुठलाही उल्लेख राहू देऊ नका. शेजारी त्या वेळचा पाऊस, तापमान, वरून गेलेली गाडी, आणि शेवटी सापडलेले कारण लिहा. असे बिघाडाचे नमुने अभ्यास-टिपांसारखेच खुले करा, ही माझी विनंती आहे.

घातपाताची शंका काढली जाईल. ती मी हलक्यात घेत नाही. पण नाव नसलेल्या स्टेशनातल्या एका ट्रॅकचा रिले पावसात किती वेळा पडला, यातून कुणालाही कुठल्या सिग्नलपर्यंत पोचता येत नाही. सर्किट कसे बनते हे आधीच खुल्या पुस्तकांत आहे. सर्किटचे नकाशे, टर्मिनलचे क्रमांक, सॉफ्टवेअर यांतले काहीही आम्ही मागत नाही. दुसरी अडचण मला जास्त खरी वाटते. नोंदीतून कुणाच्या तरी ड्युटीतली ढिलाई दिसेल आणि माणसे बिघाड लिहायलाच घाबरतील, ही भीती. म्हणूनच नाव, जागा, तारीख काढण्याचा मी एवढा आग्रह धरतो. जो मेन्टेनर ‘आल्यावर ठीक आढळले’ असे प्रामाणिकपणे लिहितो, त्याला त्याच ओळीबद्दल जाब विचारला जाणार असेल, तर पुढच्या वेळी तो काहीतरी कारण रचून लिहील, आणि नोंद कायमची निकामी होईल.

याचा उपयोग आमच्यापुरता नाही. भुसावळच्या क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्थेत आणि आपल्या शेजारी मौला अलीला स्टेशन मास्तर तयार होतात. तिथल्या मॉडेल रूममध्ये सिग्नल फेल गेल्यावर काय करायचे हे त्यांना उत्तम शिकवले जाते. त्या पॅनलला अर्ध्या सेकंदाचा लाल दाखवता आला तर? प्रशिक्षणार्थीला न सांगता, एका लांबलचक सत्रात तीन-चार वेळा, तेही ठरावीक मालगाडीनंतरच. सत्र संपल्यावर त्याच्या रजिस्टरमध्ये काय आहे ते पाहता येईल. अशा परीक्षेत नापास होण्याने कुणाचे नुकसान होत नाही.

आमच्याच मार्गाच्या पूर्णा टोकाला मनमाड–मुदखेड हा टप्पा कवच या स्वयंचलित गाडी-संरक्षण यंत्रणेखाली आला आहे. दक्षिण मध्य रेल्वेतल्या पहिल्या १,४६५ किलोमीटरमध्ये तो होता, आणि कवचचे प्रशिक्षण आपल्या संस्थेत चालते. कवचमुळे लाल सिग्नल ओलांडणाऱ्या गाडीला ब्रेक लागेल, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण कवच विश्वास ठेवते ते सिग्नल आणि पॉइंट एकमेकांशी बांधणाऱ्या इंटरलॉकिंगवर. पॉइंट कुठे लागला आहे, ट्रॅक मोकळा आहे का, हे त्याला खालून जे सांगितले जाईल तेच. खाली सैल टर्मिनल असेल तर वरची हुशारी त्याच्यावरच उभी राहणार. उपकरणे जशी वाढतील तसे येणारे-जाणारे बिघाडही नव्या जागी सरकतील, आणि ते ओळखणारी माणसे आणखी लागतील. त्यांतली काही वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरच्या शाळांतूनही यावीत, असे मला वाटते. ज्यांच्या जिल्ह्यात सिग्नलचा कारखाना नाही, अभियांत्रिकीची मोठी प्रयोगशाळा नाही, त्यांच्या हाती असा खेळ हीच प्रयोगशाळा आहे, आणि खोटी प्रयोगशाळा देणे बरोबर नाही.

आमच्याकडून देण्यासारखे जे आहे ते असे. खेळाचा सगळा कोड आम्ही विनामूल्य खुला ठेवतो. बिघाडांची फाइल अगदी साधी, कुणालाही वाचता येईल अशी आहे. एका ओळीत वेळ, उपकरणाचा प्रकार, स्थिती, आणि शेजारी हवामान. नमुने कोणत्याही रूपात आले तरी ते या ओळींत बसवायचे काम मुले करतील. त्यातून तयार होणारे बिघाड आपल्या प्राध्यापकांनी तपासून चूक दाखवली, तर ती दुरुस्त करून पुन्हा पाठवू. सगळे एकदम शक्य नसेल तर सुरुवात एकाच नमुन्याने करावी. काळ्या मातीवरच्या एखाद्या स्टेशनातले डीसी ट्रॅक सर्किट, जुलै महिना, सलग तीस दिवस. आमच्या पावसाच्या आलेखातला उतार बरोबर आहे का, हे आम्हाला सर्वांत आधी त्यावरच पडताळून बघायचे आहे.

कळावे,

आपला नम्र,
वाशीमचा एक संगणक शिक्षक